हरभरा की व्हॉलीबॉल

६ ऑक्टोबर, सोमवार

प्रात्यक्षिकाला शेत मिळालं एकदाचं. किती दिवस पाडे पालथे घालतेय. भात निघालं की त्याच ओलीवर हरभरा, हे साहेबांना करून दाखवायचंय, फोटोसकट. पण नवापूरच्या ह्या डोंगरउतारावर क्यारी, म्हणजे भाताचं खाचर, असते रुमालाएवढी, आणि तीही तिरकी. आज याकोबदादांची सापडली. विहिरीला लागून, ऐसपैस, परातीसारखी सपाट. भात अजून उभं आहे, पण पाणी सगळीकडे सारखं, त्यावरूनच कळलं.

दादा साठीचे. बोलायला महाग. "इथे हरभरा घ्या ना," म्हटल्यावर बराच वेळ क्यारीकडे बघत राहिले, मग मुलाकडे. मुलगा शमू लगेच हो म्हणाला. तेव्हा दादा म्हणाले, "तुमी सांगता तं करू, मॅडम." सौर पंप नवाकोरा बसलाय, विहिरीला पाणी आहे, मग एवढा विचार कसला? कृषी सहायकाच्या नशिबी हेच. फुकटचं बियाणं द्यायचं आणि वर विनवण्या करायच्या.

येताना एक लक्षात आलं. नवापूरपासून पाड्यापर्यंत एकही पोरगा बॅट घेऊन दिसला नाही. अंगणांत मात्र दोन सागांना बांधलेली जाळी, नाहीतर नुसती दोरी, आणि वर उडणारा चेंडू. आमच्या रनाळ्यात गल्लीगल्लीत स्टंप. जिल्हा एकच, मग हे असं का? प्रमोदला विचारलं. नवरा टीव्हीसमोर होता, मॅच चालू. मान न वळवता म्हणाला, "तठे टीव्ही उशिरा गया व्हई."

बँकेतला माणूस. प्रश्न आला की शिक्का मारून पुढे.

पण डिश तर याकोबदादांच्या कौलांवरही आहे!

२२ ऑक्टोबर, पाडवा. रनाळे

माहेरी. फराळाला बसल्यावर मुद्दाम विषय काढला, कुठल्या देशात कुठला खेळ का रुजतो? भाऊ म्हणाला, "ज्या खेयमा देश जिंकस, तो खेय लोके खेयतस." म्हटलं, अरे, आधी खेळल्याशिवाय जिंकतील कसे? कोंबडी आधी की अंडं?

प्र. ताठ बसला. "इंग्रजेस्नी जठे राज करं, तठे क्रिकेट. सरळ शे."

मी म्हटलं, अमेरिकेत पण होतं की त्यांचं राज्य, तिथे का नाही? आणि आपल्याकडे हॉकी, फुटबॉल, टेनिस, सगळंच आणलं त्यांनी. मग एकालाच का देव्हाऱ्यात बसवलं?

प्र. चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात बसला. भाऊ हसत होता. प्र. रुसला की शेंगदाण्यांवर उतरतो.

संध्याकाळी बाजाराच्या मोकळ्या जागेत पोरं खेळत होती. एकाने चेंडू लांब मारला. घरंगळत गेला, एक पोरगा रमतगमत जाऊन घेऊन आला. कितीतरी वेळ बघत उभी होते. काहीतरी डोक्यात येत होतं, पण आईने हाक मारली आणि...

१० नोव्हेंबर, सोमवार

पेरणी झाली! क्यारी सुरेख तयार झाली होती. अख्खा पाडा बांधावर येऊन उभा. बाया, पोरं, म्हातारे. मला काय आनंद झाला! एरवी सभेला बोलावलं तर चार माणसं येतात, त्यातली दोन चहासाठी. बीजप्रक्रिया करून दाखवली. चांगलं लांबलचक भाषण ठोकलं, सगळे मुकाट ऐकत होते. शिट्टी गळ्यात अडकवलेला रमण नावाचा एक जण होता, चाळिशीचा, त्याने एकच प्रश्न विचारला.

"मॅडम, हा निघेल कधी?"

म्हटलं, फेब्रुवारीत.

त्याने मान हलवली आणि गेला. हळूहळू सगळेच गेले.

अहवालात लिहिलं, "ग्रामस्थांचा उदंड प्रतिसाद".

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मेले लाजेने.

उगवण बघायला गेले होते. ओसरीवर चहा घेताना कोपऱ्यात दोन उंच सागाचे खांब दिसले, तेल पाजलेले, वरती खोबणी. शमूच्या बायकोला, रूथला विचारलं, हे कसले गं? ती माझ्याकडे बघतच राहिली.

"नेटचे, मॅडम. नाताळात टुर्नामेंट असते ना. सगळ्या पाड्यांची."

"कुठे असते?"

तिने नुसतं हरभऱ्याकडे बोट केलं.

ती क्यारी देवाने सपाट केलेली नाही! दर वर्षी भात निघालं की गाव ती चोपून, चाळून, बसवून सपाट करतं. वर्षानुवर्षं. आणि मी तालुका धुंडाळून नेमकं गावाचं मैदान शोधून काढलं, त्यात हरभरा पेरला, आणि वर बांधावर जमलेल्यांना भाषण दिलं. ती माणसं पेरणी बघायला आली नव्हती. मयताला जमतात तशी जमली होती.

"अगं, मग कुणी बोललं का नाही?"

"तुम्ही सरकारी. आणि बाबांनी हो म्हटलेलं." मग खाली बघून म्हणाली, "माझं लग्न पण ह्याच क्यारीत ठरलं. माझा भाऊ खेळायला आलेला, मी बघायला. शमू नेटला होता."

चहा गार झाला तो तसाच प्यायले.

मग दादांनी हो का म्हटलं? तेही तिनेच सांगितलं. दर वर्षी नाताळ झाला की मुकादमाचा ट्रक येतो. शमू आणि रूथ गुजरातेत ऊसतोडीला, पार उन्हाळ्यापर्यंत. पोरगी पहिलीत आहे. नेली तर शाळा बुडते, ठेवली तर आजोबांजवळ रडते. दुसरं पीक निघालं तर जायला लागणार नाही. हे कळल्यावर दादांनी मैदान देऊन टाकलं.

प्र.ला सांगितलं. हसेल वाटलं होतं. नाही हसला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

हरभरा मस्त उगवलाय. बघून आनंद होतो आणि लगेच अपराधी वाटतं.

दादा आज बोलले. बांधावर बसून, माझ्याकडे न बघता. त्यांचे वडील बोर्डिंगात शिकायला होते, तिथल्या मास्तरांनी निघताना एक जुना चेंडू दिला. नेट कुठली? नाल्यात मासे धरायची जाळी होती घरात, तीच ताणली. "क्रिकेट पण आणलं होतं पोरांनी," दादा म्हणाले. "बॉल मारला की खालच्या नाल्यात. पोरं खेळायची कमी, शोधायची जास्ती. मग बॅटनेच चूल पेटवली."

रनाळ्याच्या बाजारात डोक्यात येत होतं ते हेच! सपाटीवर चेंडू घरंगळतो आणि थांबतो. इथे थांबत नाही. इथे चेंडू खाली पडूच द्यायचा नसतो.

आणि दुसरं. भात निघालं, ऊस अजून सुरू व्हायचाय, मध्ये थोडे दिवस शेतही रिकामं आणि हातही रिकामे. वर नाताळ, पाहुणेरावळे. खेळ त्या फटीत वाढला. तिकडे थंड देशांत तळी गोठतात, शेतात काम नसतं, म्हणून ते बर्फावर घसरत असतील. ब्राझीलच्या पोरांना नुसता चेंडू पुरला, तोही चिंध्यांचा चालला. आमच्याकडे सपाटीवर कापूस वेचायला जानेवारी उजाडतो, शेत रिकामं सापडतच नाही. म्हणून पोरं बाजारात, गल्लीत, शाळेच्या पटांगणात. राज्य कुणाचं होतं हा नंतरचा प्रश्न. आधी प्रश्न, रिकामी जागा कुठली आणि रिकामा वेळ कधी.

प्र.ला ऐकवलं. "हं," म्हणाला. त्याच्याकडून 'हं' म्हणजे पुष्कळ.

पण मग ह्यावर्षी? हात राहतील, शेत नाही. पाणी आलं म्हणून माणसं थांबणार, आणि पाणी आलं म्हणूनच खेळ जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

३० नोव्हेंबर, रविवार

प्रार्थना आटोपून सगळे महूच्या झाडाखाली जमले. मला कुणी बोलावलं नव्हतं, मीच गेले. म्हटलं, शिव्या खायच्याच तर तोंडावर खाऊ.

रमण टुर्नामेंटचा सर्वेसर्वा. पंच तोच, लाउडस्पीकरवाला तोच. हिंदू आहे, पण नाताळ जवळ आला की त्याची धावपळ पास्टरपेक्षा जास्त. माझ्यावर घसरला. "हरभरा तुम्ही फेब्रुवारीत खाल, मॅडम. नाताळात पाहुणे येतील ते काय बघतील?" गुजरातच्या सीमेपलीकडच्या गावाने निरोप पाठवलाय, तुमचं जमत नसेल तर आमच्याकडे घेऊ. रमण म्हणाला, टुर्नामेंट एकदा गेली की परत येत नाही. दुसऱ्या कुणाच्या क्यारीत मावत नाही, सगळ्या अरुंद.

याकोबदादा उठले. "मोडून टाका हरभरा. उद्या नांगर घालतो."

मग मागून, बायांतून, रूथ. आधी त्यांच्या बोलीत काहीतरी, मग माझ्यासाठी मराठीत. "मोडा. मग आमी जातो ऊसाला. पोरीला कोण बघेल ते पण आताच ठरवा."

रमण शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसला. सभा तशीच उठली.

मी नोकरीला लागल्यापासून शेतकऱ्याचं पीक जाताना पुष्कळदा बघितलंय. पीक आलं म्हणून माणसं रडवेली झालेली पहिल्यांदा बघितली. फार वाईट वाटलं.

८ डिसेंबर, सोमवार

चमत्कार म्हणावा का?

विहिरीच्या वरच्या अंगाला दादांची एक लहान क्यारी आहे. तिला चिकटून रमणची. मध्ये बांध. रमणची बाजू गुडघाभर उंच. दोन्ही रिकाम्या, कारण पाणी तिथवर चढत नाही. दादा शनिवारी रमणच्या घरी गेले (सभेनंतर तो ह्यांच्या ओसरीवर फिरकला नव्हता) आणि म्हणाले, मधला बांध फोडू, दोन्ही मिळून मैदान होईल.

शमूने हे सांगितलं तेव्हा मला ठसकाच लागला. बांध! आमच्या रनाळ्यात वीतभर बांध सरकला तर भाऊ भावाचं तोंड बघत नाही. कोर्टात पिढ्या जातात. माझ्या सख्ख्या चुलत्यांचं हेच. इथे हा माणूस सरळ म्हणतो, फोडू.

आज दादा आणि रमण दोघंही त्या बांधावर भेटले. रमणने विचारलं ते बरोबरच होतं. "आणि पावसाच्या आधी परत कुठे घालायचा? तुमी म्हणाल हिथे, माझा पोरगा म्हणेल तिथे."

मी शहाणपणा केलाच. म्हटलं, मोजणी मागवू, भूमी अभिलेखला अर्ज करू. दोघंही हसले. रमण म्हणाला, "मोजणीवाला येईपर्यंत पोरांची पोरं खेळतील, मॅडम." मला हसले म्हणून काय, दोघं बरोबर हसले.

रमण घरी गेला. विचार करतो म्हणाला.

११ डिसेंबर

रमण तयार! त्यानेच तोड काढली. नेट बांधाच्याच ओळीवर लावायची. एक बाजू त्याच्या जमिनीत, एक दादांच्या. खेळून झालं की खांबांच्या खड्ड्यांत दगड भरून ठेवायचे, मातीने बुजवायचे नाहीत. पावसाच्या आधी दोन खड्ड्यांमध्ये दोरी ताणायची आणि त्या दोरीवर बांध घालायचा.

इतकं सोपं. प्र.ला सांगितलं तर म्हणाला, "आनि कोन्ही खड्डाच सरकाडी दिधा तं?" खानदेशी माणूस! खड्डा सरकवायचं आधी सुचतं. खरं तर मलाही आधी तेच सुचलं होतं.

१७ डिसेंबर, बुधवार

रजा टाकून गेले. कुणी बोलावलं नव्हतं ह्याही वेळी.

माझ्या शिक्षणाचा एकदा तरी उपयोग झाला. ते वरची माती खाली ढकलून सपाट करणार होते. म्हटलं, थांबा! वरचा काळा थर आधी काढून कडेला ठेवा, खालची मुरमाड माती सपाट करा, खेळून झालं की काळा थर परत पसरा. नाहीतर पुढच्या वर्षी रमणच्या क्यारीत भात नाही, नुसती खुरटी पाती येतील. रमणने शांतपणे ऐकून घेतलं. मग ओरडला, "मॅडम सांगतात तसं करा रे!" महिन्याभरात पहिल्यांदा माझी बाजू घेतली त्याने.

टोपल्या बायांच्या डोक्यावर, फावडी पुरुषांकडे. बांध फुटला तेव्हा आवाजही झाला नाही. मला उगाच वाटलं होतं, काहीतरी होईल.

संध्याकाळी कंबर धरली होती. प्र.ने खिचडी टाकली. मीठ विसरला. तशीच खाल्ली.

२७ डिसेंबर, शनिवार

प्र.ला घेऊन गेले. बाइकवर अख्खा रस्ता कुरकुर, सुट्टीचा दिवस, घरी टेस्ट मॅच चालू शे.

सुरुवातीला पास्टरांनी प्रार्थना केली, मग रमणने नारळ फोडला, मग शिट्टी. बक्षिसाचा बोकड महूला बांधलेला, त्याला कशाचंच घेणंदेणं नाही. बांधावर बसायला जागा नव्हती. सीमेपलीकडचे आले होते, मुकाट्याने, पाहुणे म्हणून. शेजारी खाली याकोबदादांचा हरभरा, फुलावर आलेला. चेंडू तिकडे गेला की सगळ्या पोरांना दादांची ताकीद, बांधावरून जा, पिकात पाय नको.

एरवी घरी शमू मान खाली घालून असतो. नेटपाशी तो वेगळाच. पडणारा चेंडू पोटावर झोपून उचलतो. प्र. आधी हाताची घडी घालून. मग उभा. मग माझ्या खांद्यावर बुक्की मारून, "हाऊ शमू बॉल भुईवर पडूच देत नई वं!" दुपारनंतर तर रमणच्या निर्णयावर वाद घालायला लागला. नियम माहीत नाही एक!

मी मात्र खांबाकडेच बघत होते, जिथे बांध होता तिथे. डोळे भरून आले, मग लाज वाटली, मग म्हटलं, असू दे.

माझं ते मागचं, रिकामी जागा आणि रिकामा वेळ, ते अर्धंच बरोबर होतं. इथे ह्यावर्षी वेळ होता, जागा नव्हती. खेळ झाला, कारण दोन माणसांना तो हवा होता. बाकीच्या देशांत कुणी कुणासाठी बांध फोडला असेल, ते पेपरात येत नाही आणि प्र.च्या टीव्हीतही येत नाही.

२ जानेवारी, शुक्रवार

मुकादमाचा ट्रक आज आला होता. नेहमीपेक्षा उशिरा, पण आला. हॉर्न पार विहिरीवर ऐकू येत होता. मी हरभऱ्यात होते, घाटेअळी बघत. आहे थोडी, फवारणी सांगितली. आभाळ न येवो. घाटे धरायला लागलेत, पण घाटा धरणं आणि दाणा भरणं ह्यात बरंच अंतर असतं.

शमू हो म्हणेना, नाही म्हणेना. दर वर्षीची सवय आहे, आणि घाट्यांवर अजून कुणाचाच भरवसा नाही, खरं तर माझाही नाही. रूथने गाठोडं बांधलेलं नव्हतं. भांडी मात्र घासून पालथी घालून ठेवली होती, जाताना ठेवतात तशी.

मुकादम महूखाली येऊन ओरडला, चला रे. रमण पुढे झाला. म्हणाला, अजून फायनल बाकी आहे, आमचे खेळाडू देता येत नाहीत. फायनल तर नाताळच्या आठवड्यातच संपते दर वर्षी! मुकादमही तेच म्हणाला. रमणने सगळ्यांसमोर कानावर हात ठेवले, ह्यावर्षी पाडे जास्ती आलेत, काय करणार? दुसऱ्या पाड्यांची पोरंही हसत उभी. मुकादमाने शिव्या दिल्या, मग चहा प्यायला, मग ट्रक घेऊन गेला. सोमवारी परत येतो म्हणाला. फायनल रमणने रविवारची सांगितलीय.

निघताना रमण माझ्या गाडीपर्यंत आला. इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "मॅडम, फायनल एकच मॅच पाहिजे असा काय नियम आहे का? तीन ठेवल्या तर?"

म्हटलं, व्हॉलीबॉलचा नियम मला माहीत नाही. हरभऱ्याचा माहीत आहे. दाणा भरेपर्यंत मॅच ठेवत राहा.